पुळणीवरच्या जाधवबाई

जाधवबाईंना चिखल आवडायचा. पायाला लागला तर धुऊन टाकू, अशी सोशीक आवड नव्हती ती. गाण्याची आवड असलेला माणूस सूर ऐकू आला की जागच्या जागी थांबतो, तशा त्या चिखल दिसला की थांबायच्या.

खारशेतच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायला आल्या त्या दिवशी खाडीला ओहोटी होती. हसनमामूची तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, धक्क्यापासून बरीच लांब रुतली आणि उतारूंना चिखलातून चालत यावं लागलं. मी धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला उभी होते. सगळ्या बायका पातळं गुडघ्यापर्यंत धरून, हसनमामूच्या नावानं बोटं मोडत येत होत्या. मागून एक ठेंगणी, सावळी, गोल चेहऱ्याची बाई येत होती. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री. मध्येच तिनं ट्रंक मामूच्या डोक्यावर दिली, खाली बसली, चिमूटभर चिखल उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

"या खुदा," मामू म्हणाला. "बाई, उपाशी आलात काय?"

"दाताखाली करकरतोय का बघत होते," त्या थुंकून म्हणाल्या. "करकरला तर वाळूचा अंश. लोण्यासारखा लागला तर निव्वळ गाळ. तुमच्याकडचा करकरतो हो. नदी अजून जोरात आहे तुमची."

माझी आणि त्यांची ओळख ही अशी झाली. पुढे आम्ही पाच-सहा वर्षं एकाच घराच्या दोन खोल्यांत राहिलो. मी मराठी शिकवायची. त्या मला "लिमयेबाई" म्हणायच्या, मी त्यांना "जाधवबाई". इतकी जवळीक होऊनही 'अहो-जाहो' काही सुटलं नाही.

चिखल चाखण्याची ती सवय त्यांना वडिलांकडून आली होती. वडील मुंबईच्या बंदरात गाळ उपसणाऱ्या बोटीवर कामाला होते. गावाला आले की सांगायचे, आज जिथून गाळ काढावा तिथे चार दिवसांत पुन्हा तेवढाच. लहानग्या इंदूनं एकदा विचारलं, "मग बाबा, तो येतो कुठून?" वडील म्हणाले, "ते तू शिकून मला सांग." आतल्या डोंगरातलं त्यांचं गाव, बौद्धवाडीतलं घर, तिथून ही मुलगी रत्नागिरीला वसतिगृहात राहून बी. ए., बी. एड. झाली ती जणू एवढ्या एका प्रश्नापायी. वडिलांना उत्तर मिळालं तेव्हा ते निवृत्त झाले होते. सगळं नीट ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे आपल्याच डोंगराची माती मी तिकडे मुंबईत उपसत होतो काय!" हे सांगताना बाई इतक्या हसायच्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागत.

"वरून येतंय तोवर आहे," हे त्यांचं पेटंट वाक्य. मुळात ते नदीच्या मुखाशी साचणाऱ्या जमिनीबद्दल होतं, पण बाईंनी ते कशालाही लावलं. माझ्या आईनं पाठवलेलं लोणचं मी पुरवून पुरवून वाढायला लागले की म्हणायच्या, "अहो, घ्या की. वरून येतंय तोवर आहे." विहिरीचं पाणी, एस. टी.ची सकाळची गाडी, हेडसरांचा चांगला मूड, सगळ्याला हेच. आणि लोणचं संपलं की बरणी उलटी करून गंभीरपणे म्हणायच्या, "पुरवठा तुटला. आता धूप सुरू."

त्यांचं शिकवणं बघायला मी माझा मोकळा तास वाया घालवत असे. शाळा तेव्हा देवळाच्या धर्मशाळेत भरायची. पुस्तकात त्रिभुज प्रदेशाची आकृती होती. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या नदीला त्रिभुज प्रदेश का नाय?" दुसरं कुणी असतं तर 'परीक्षेत येत नाही' म्हणून पुढे गेलं असतं. बाईंनी वर्ग उठवला. धर्मशाळेमागच्या उताराला मुलींनी तांबड्या मातीचा ढीग घातला, त्यातून नदी कोरली, खाली खळगा करून पाणी भरलं. तो समुद्र. दोघी विहिरीवरून कळश्या आणून वरून ओतत होत्या. माती वाहत आली, समुद्राच्या तोंडाशी हाताच्या पंजासारखी पसरली, एकेक बोट पुढे सरकायला लागलं. पोरी ओरडत होत्या, "वाढतंय, वाढतंय!"

"आता वरती पाट आडवा लावा," बाई म्हणाल्या. "हे धरण. बघा, पाणी वरून सांडतंय, माती मागेच बसली. आणि तुम्ही दोघी, पाट्यांनी वारा घाला. लाटा करा."

पोरींनी लाटा केल्या. पंजाची बोटं एकेक करून गळून पडली. कुणी तरी हळहळून "आई गं" म्हणालं.

"समुद्र काही आत्ताच खायला लागला नाही," बाई म्हणाल्या. "तो पहिल्यापासून खातच होता. वरून येणारं जास्त होतं म्हणून आपल्याला दिसत नव्हतं. आता आपल्या कोकणच्या नदीचं सांगते. सह्याद्रीवरून उडी मारली की समुद्र. धाव एवढीशी, आणि खाली भरती-ओहोटी दिवसातून दोनदा झाडून नेते. तिला त्रिकोण काढायला सवड कुठे? ती आपली एक पुळण, वाळूचा एक पट्टा, काढते आणि गप्प बसते."

इतक्यात विहिरीवरच्या मुलींनी उत्साहात दोन कळश्या एकदम ओतल्या. पाट वाहून गेला, समुद्र भरून वाहिला आणि तांबडा लोंढा हेडसरांच्या खोलीत शिरला. हेडसर दारात आले, पायाखाली बघितलं आणि म्हणाले, "जाधवबाई, हे काय आहे?"

"बंगालचा उपसागर, सर. जरा बाजूला या, तुम्ही हुगळीत उभे आहात."

हेडसर तसे कडक. पण त्या दिवशी त्यांनाही हसू आवरलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र चार आया तक्रार घेऊन आल्या, की पोरं शाळेतून येताना खाडीतला चिखल चाखत येतात. बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं करून चूळ भरायला लावली आणि आयांसमोर स्वतः कान पकडले.

खरी गंमत सुरू झाली ती शाळेच्या इमारतीवरून. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर इमारत मंजूर झाली होती. प्रश्न जागेचा. गावात सपाट जागा एकच, खाडीच्या तोंडाशी असलेली पुळण. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे पाणी होतं. मग दर पावसाळ्यात वाळू आणि गाळ साचत साचत एक लांबट, रुंद जमीन वर आली होती. गावानं तिच्यावर सुरूची झाडं लावली होती, मुलं तिथे कबड्डी खेळायची. समुद्रानं फुकट दिलेली जमीन म्हणून सगळ्यांना तिचा फार अभिमान. सरपंच दाजी शिवलकर तर पाहुण्यांना आधी पुळण दाखवायचे, मग देऊळ.

ग्रामसभेत दाजींनी ठराव वाचला आणि जाधवबाई उभ्या राहिल्या. बायकांमधून कुणी उभं राहण्याची रीत नव्हती. सभेत कुजबुज झाली.

"इमारत तिथे बांधू नका," त्या म्हणाल्या. "ही जमीन वाढली कशी ते बघा. वरच्या डोंगरात कोळशासाठी झाडं तुटली, रस्त्यासाठी डोंगर कापले, ती माती दर पावसाळ्यात खाली आली. आता वर धरणाचं काम सुरू आहे. धरण झालं की माती तिथे अडेल. इथे यायची बंद होईल."

"काय सांगताव बाई," दाजी म्हणाले. "जमीन काय पाय फुटून पलून जातंय काय?"

सभा हसली. इथेच बाईंनी थांबायला हवं होतं. पण त्या चिडल्या आणि बोलून गेल्या, "पुढच्या पावसाळ्यात बघाच तुम्ही!"

पुढचा पावसाळा आला, गेला, आणि पुळण वाढली. थोडीथोडकी नाही. सुरूंच्या पुढे नवी जमीन पडली, मुलांना कबड्डीचं दुसरं मैदान झालं. गावानं बाईंची अशी काही थट्टा केली की विचारू नका. बाजारात कोळणी विचारायच्या, "बाय, पुळण बुडाली काय वो?" हसनमामू तरीतून ओरडून सांगायचा, "बाई, संभाळून उतरा, जमीन जातेय!" थंडीत दाजींनी त्या नव्या वाळूत कलिंगडं लावली. पहिलं कलिंगड स्वतः काखेत मारून आमच्या ओटीवर आले.

"बाई, बुडालेल्या जमिनीतला हाय. खाऊन बघा, खारट लागतंय काय."

मला बाईंची कीव आली. बाईंनी मात्र विळी आणली, तिथेच कलिंगड फोडलं, एक मोठी फोड खाल्ली, हनुवटीवरून रस गळत असताना म्हणाल्या, "दाजी, साखर आहे हो!" आणि हसत सुटल्या. दाजींना अपेक्षित होतं त्याच्या अगदी उलटं झालं. तेही बसून कलिंगड खायला लागले.

पण रात्रभर बाई कूस बदलत असल्याचं मला भिंतीपलीकडून कळत होतं. रविवारी सकाळी त्या म्हणाल्या, "लिमयेबाई, चला. मला वरती जाऊन बघायचंय. माझं गणित कुठे चुकलं?"

आम्ही एस. टी.नं धरणाच्या कामावर गेलो. शेवटचा रस्ता उन्हात पायी. डोंगराला कापून केवढा तरी तांबडा उघडा भाग केला होता, आणि खणलेली माती, मुरूम, दगड असा सगळा ढिगारा सरळ नदीच्या काठाला लोटलेला होता. पावसाळ्यात तो पाण्याबरोबर खाली आलेला दिसत होता. अर्धा ढिगारा खरवडून गेल्याच्या खुणा होत्या.

बाई छत्री रोवून बराच वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, "म्हणजे तुमचंच बरोबर आहे की! धरण होईपर्यंत माती जास्त येणार, झाल्यावर बंद."

"बरोबर कुठलं? मी 'पुढचा पावसाळा' म्हणाले. वर येऊन न बघताच बोलले. घरात बसून नदीबद्दल बोलले, लिमयेबाई! बाबांनी ऐकलं असतं तर मला बोटीवर चढू दिलं नसतं."

परत आल्यावर हातपाय न धुता त्या तशाच दाजींच्या घरी गेल्या. मी सोबत होते. दाजी पडवीत जाळं विणत बसले होते. बाई ओटीच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "दाजी, मी चुकले."

दाजींचा हात थांबला. शिकलेलं माणूस आपल्या ओटीवर येऊन असं बोलेल, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. त्यांनी घरात हाक मारून चहा सांगितला.

बाईंनी धरणावर काय बघितलं ते सांगितलं. "पुळण अजून एक-दोन पावसाळे वाढेल. मी ते सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पण धरण भरलं की ती थांबेल. मग काय होईल ते मी तारीख घालून सांगणार नाही. फक्त दगडाचा पाया एवढ्यात घालू नका. थांबा आणि बघा."

चहा आला, संपला. मग दाजी जाळ्यावरून नजर न काढता म्हणाले, "माज्या आज्याचा माडांचा आगर व्हता. आता खाडी हाय ना, देवळाच्या समोर, तितंच. माजा जन्म व्हायच्या आदी गेला. आजी मरेस्तोवर त्या पान्याकडं हात करून सांगायची, थय आमची विहीर व्हती, थय आमचा गोठा. आमी पोरं हसायचो. पान्यात कशी विहीर असंल म्हनून."

मग दाजी एकदम खाकरले.

"झापांची शाळा बांधू पुळणीवर. माडाची झापं, बांबू, वर कौल नाय, खाली पाया नाय. धरण भरूं दे. मग बघू. पन गावात मी सांगनार, ह्या माज्या डोक्यातना आलाय."

"सांगा," बाई म्हणाल्या. "आणि पुळण नाहीच गेली तर मात्र माझं नाव सांगा."

दाजी मोठ्यांदा हसले. त्यानंतर त्या दोघांचं जे जमलं ते कायमचं.

पुळणीवरची ती झापांची शाळा म्हणजे माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस. खाली वाळू, बाजूला सुरूंचा आवाज, दुपारी खारा वारा. वर्गात कुर्ल्या, खाडीतले खेकडे, यायच्या. मी कविता शिकवत असताना एखादं पोरगं अचानक पाय वर घ्यायचं आणि सगळा वर्ग बाकावर. जाधवबाईंच्या तासाला मात्र कुर्लीलाही वर्गात बसायची मुभा होती. पुळणीच्या टोकाला त्यांनी मुलांकडून काठ्या रोवून घेतल्या होत्या. वाळू वाढते की घटते ते बघायला मुलं मधल्या सुट्टीत धावत जायची. आधी बातमी असायची, "बाई, काठी पुरली गेली!" धरण भरलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मुलं आली ती ओरडत, "बाई, काठी पडली!"

मग मात्र पुळण जायला लागली. एका झटक्यात नाही. दर उधाणाला एक घास. आधी कलिंगडांची वाळू गेली, मग कबड्डीचं नवं मैदान, मग जुनं. सुरूंची मुळं उघडी पडली आणि एकेक झाड खाडीकडे झुकून बसलं. श्रावणात गावानं झापं सोडली. एका दिवसात शाळा माणसांच्या डोक्यावरून धर्मशाळेत परत आली. पोरांचा नुसता उत्सव चालला होता. चौथ्या दिवशी भर दुपारच्या उधाणात, जिथे माझा फळा टांगलेला असायचा ती जागा आमच्या डोळ्यांसमोर धप्पकन पाण्यात बसली.

गावाचा सूर आता एकदम बदलला. बाजारातल्या त्याच कोळणी बाईंना वाटेत थांबवून म्हणाल्या, "बाय, तुमच्या तोंडात देव हाय." हेडसरांनी तर त्यांचं अभिनंदन करणारं छोटं भाषणच केलं. बाई ते ऐकून घेऊन बाहेर पडल्या. संध्याकाळी मी त्यांना शोधत गेले तर त्या उरलेल्या पुळणीवर बसल्या होत्या. शेजारी थोडं अंतर ठेवून दाजी.

"मला वाटलं होतं, बरोबर ठरले की आनंद होईल," त्या मला म्हणाल्या. "काही नाही झाला हो. पोरांचं मैदान गेलं."

"मैदान गेला, पोरा हायत ना," दाजी म्हणाले. "पाया घातला असता तं काय झाला असता? उठा बाई. उद्या सड्यावर येताव काय माज्याबरोबर? जागा दाखवा. आता तुमी दाखवाल तीच."

गावामागच्या कातळाच्या सड्यावर शाळा झाली. चढ फार. वर जाताना जाधवबाईंना धाप लागायची आणि मध्येच थांबून त्या म्हणायच्या, "कुठल्या मूर्ख बाईनं ही जागा निवडली?"

पुळणीची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. आमच्याकडची वाळू गेली ती खाडीपलीकडच्या भाटगावच्या किनाऱ्याला जाऊन लागली. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे छान पट्टा तयार झाला आणि भाटगावच्या पोरांनी त्यावर क्रिकेट सुरू केलं. झालं! खारशेतची आठ-दहा तरुण मंडळी, त्यांत मुंबईहून सुट्टीला आलेले काही, तरीत बसून जाब विचारायला निघाली. आमची वाळू तुम्ही घेतलीत म्हणून! भांडण वाढू नये म्हणून दाजींनी बाईंना सोबत घेतलं. मीही गेले.

भाटगावच्या किनाऱ्यावर दोन्ही बाजू उभ्या. "आमची जमीन हाय ही!" इकडून. "घेऊन जा मग, पाटीत भरून!" तिकडून. बाईंनी छत्री वर केली.

"ही माती तुमचीही नाही आणि यांचीही नाही," त्या म्हणाल्या. "ही वरच्या डोंगरातली आहे. माझ्या गावची असेल. मी मागते आहे का परत?"

मग कुणी तरी फिसकन हसलं. बाई म्हणाल्या, "वरून येणं आता बंद झालंय. हीसुद्धा फार दिवस राहायची नाही. आहे तोवर मॅच खेळा." त्याच दुपारी खारशेत विरुद्ध भाटगाव सामना झाला. खारशेत हरलं. परतीच्या तरीत पोरं म्हणत होती, वाळू आमची असती तर जिंकलो असतो.

दोन-एक वर्षांनी बाईंची आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, त्यांच्या माहेरच्या बाजूला बदली झाली. त्यांनी मागून घेतली होती. वडील थकले होते. निघायच्या दिवशी धक्क्यावर निम्मं गाव लोटलं. दाजी माडावरून उतरवलेले नारळ घेऊन आले आणि कुणाशी न बोलता तरीत ठेवून बाजूला उभे राहिले. बाई सगळ्यांशी बोलल्या, माझ्याशी सगळ्यात कमी. "पत्र लिहा," एवढंच म्हणाल्या आणि पटकन तरीत चढल्या.

ओहोटी संपून भरती लागत होती. मामूची तर मध्यावर पोचली तेव्हा तिथे, भर खाडीत, पाण्याच्या वर ओलसर वाळूची एक पाठ दिसत होती. भाटगावची वाळू सरकून तिथे आली असावी; आदल्या वर्षी ती नव्हती, हे मला नक्की आठवतं. तर थांबली. बघतो तर जाधवबाई खाली उतरलेल्या. त्यांनी हात देऊन एका कोळणीला उतरवलं, मग पोस्टमनला, मग एक म्हातारं जोडपं होतं त्यांना. पाच-सहा माणसं खाडीच्या मधोमध, घराच्या अंगणात उभी असावीत तशी गप्पा मारत उभी. बाई हातवारे करून काही तरी सांगत होत्या. हसनमामू वल्ह्यानं तरीवर ठोकत होता, एस. टी. चुकेल म्हणून ओरडत असणार. आमच्यापर्यंत शब्द येत नव्हते, फक्त सगळे हसत होते एवढं दिसत होतं.

पाणी घोट्यापर्यंत आलं तशी माणसं एकेक करून तरीत चढली. बाई सगळ्यात शेवटी. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चपला हातात. तर पुढे वळली तोवर त्या जागी पुन्हा नुसतं पाणी होतं.